प्रोसेसरची झोपमोड

रिकामं बसणं संगणकाला फार उशिरा जमलं. विंडोज ९५ चालवणारं यंत्र समोर कोणी नसलं, पडद्यावर काही हलत नसलं, तरी आतून पूर्ण वेगाने धावत असे. काम आलं का? नाही. आता आलं का? नाही. असं सेकंदाला लाखो वेळा. वास्तविक ‘थांब, काही आलं की उठवतो’ असं प्रोसेसरला सांगणारी एचएलटी नावाची आज्ञा इंटेलच्या चिपमध्ये केव्हापासून होती. पण त्या काळातले काही लॅपटॉप ही आज्ञा इतकी मनावर घेत, की थांबले ते थांबलेच. बटण दाबून बंद केल्याखेरीज हलत नसत. तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५मध्ये तिच्या वाटेला न जाणंच पसंत केलं. मग ‘रेन’, ‘सीपीयूआयडल’ असली छोटी सॉफ्टवेअर निघाली. दुसरं कोणी काही करत नसेल तेव्हा प्रोसेसरला थांबवणं, एवढंच त्यांचं काम. काहीही न करण्यासाठी संगणकावर वेगळं सॉफ्टवेअर बसवायचं आणि प्रोसेसर गार पडला म्हणून चार लोकांना कौतुकाने सांगायचं, असा तो काळ.

लिनक्स या बाबतीत शहाणा निघाला. सुरुवातीच्या वर्षांपासून तो एचएलटी वापरत असे. त्या वेळचा लिनक्स सुरू होताना पडद्यावर ज्या ओळी सरसर वर सरकत, त्यांत एक ओळ ‘एचएलटी आज्ञा तपासतो आहे... ओके’ अशा अर्थाची असे. म्हणजे कामाला लागण्यापूर्वी हा गडी आपल्याला झोपता येतं ना, याची खात्री करून घेई. ज्या यंत्रांना ते झेपत नसे त्यांच्यासाठी ‘नो-एचएलटी’ हा पर्यायही ठेवलेला होता.

तिथून सुरू झालेला प्रकार आता इतका वाढलाय, की प्रोसेसरने कमीत कमी काम कसं करावं, हे सांगण्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हजारो ओळींचा कोड आहे आणि त्याची देखभाल करणारी माणसं वर्षानुवर्षं अत्यंत जागरूक राहून ते काम करतात. पोलंडचे रफाएल विसोत्स्की आणि भारतातले विरेश कुमार ही त्यांतली दोन नावं.

प्रोसेसरची वीज वाचवण्याचे मार्ग तसे दोनच. त्याला हळू चालवायचं, नाहीतर झोपवायचं. हळू चालवण्यामागचं गणित सोपं आहे. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं, म्हणून थोडं हळू गेलं तरी बरीच वीज वाचते. झोपवायचं म्हणजे प्रोसेसरचे एकेक भाग बंद करत जायचं. आधी आतलं घड्याळ थांबवायचं, मग कॅशे रिकामी करायची, मग व्होल्टेजच काढून घ्यायचं. या झोपांना सी१, सी३, सी६ असे क्रमांक आहेत. आकडा मोठा तितकी झोप गाढ. सी० म्हणजे टक्क जागा.

हळू चालण्याची कल्पना लॅपटॉपवर २००० साली आली. इंटेलने स्पीडस्टेप आणलं ते जानेवारीत, आणि त्याच महिन्यात ट्रान्समेटा नावाच्या कंपनीने क्रूसो नावाची कमी वीज खाणारी चिप मोठा गाजावाजा करून जाहीर केली. या ट्रान्समेटात नोकरीला कोण होतं? खुद्द लिनस टोरवाल्ड्स. १९९७ साली फिनलंड सोडून ते कॅलिफोर्नियात आले ते याच कंपनीसाठी, आणि २००३ पर्यंत तिथेच होते. लिनक्सच्या जनकाचं घर सहा वर्षं वीज वाचवण्याच्या धंद्यावर चाललं होतं, आणि लिनक्स वापरणारी जनता मात्र बॅटरी टिकत नाही म्हणून गाऱ्हाणी गात चार्जर घेऊन हिंडत होती.

वेग किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या कर्नलमधल्या मंडळींना गव्हर्नर म्हणतात. एक ‘परफॉर्मन्स’, जो कायम सगळ्यात वरच्या वेगाला असतो. एक ‘पॉवरसेव्ह’, जो कायम तळाला. ‘युजरस्पेस’ स्वतः काहीच ठरवत नाही, तुम्ही म्हणाल ते. २००४ साली आलेला ‘ऑनडिमांड’ काम दिसलं की एकदम वर उडी मारतो. ‘कन्झर्व्हेटिव्ह’ तेच करतो, पण एकेक पायरी चढत, नीट विचार करून, आणि तो वर पोचेपर्यंत काम संपलेलं असण्याची शक्यता दाट. २०१६ साली ‘शेडयूटिल’ आला. त्याने पहिल्यांदा एक साधी गोष्ट केली. काम किती आहे याचा अंदाज बाहेरून बांधत बसण्यापेक्षा, कामं वाटणाऱ्या शेड्यूलरलाच विचारलं. दोघं एकाच कर्नलमध्ये राहतात, पण त्यांचं बोलणं व्हायला इतकी वर्षं लागली.

यातला ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे नावावर जाऊ नये याचा नमुना. वीज वाचवायची म्हणून भाबडा माणूस हाच निवडतो. प्रोसेसर मग सगळ्यात कमी वेगाने रखडत काम करतो आणि त्यामुळे जास्त वेळ जागा राहतो. तो जागा म्हणून मेमरी जागी, मेमरी जागी म्हणून बाकीची चिप जागी. मॅथ्यू गॅरेट या गृहस्थांनी हे वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं. गॅरेट मुळात फळमाशांच्या जनुकशास्त्रात पीएच.डी. केलेले, पण लॅपटॉप झोपत का नाहीत आणि झोपले तर उठत का नाहीत, या प्रश्नांत त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचं म्हणणं असं, की काम आलं की पूर्ण वेगाने उरकून टाका आणि गाढ झोपी जा, वीज त्यात वाचते. हे बहुतेक वेळा खरं आहे. सिनेमा बघताना मात्र काम एका लयीत येतच राहतं, घाईने उरकलं तरी पुढची फ्रेम ठरल्या वेळेलाच हवी असते, तिथे संथ वेगच परवडतो.

गोंधळ इथेच थांबला असता तर बरं होतं. २०१३ साली इंटेलसाठी ‘इंटेल पीस्टेट’ नावाचा नवा ड्रायव्हर आला. त्याने ‘परफॉर्मन्स’ आणि ‘पॉवरसेव्ह’ ही दोन नावं ठेवली, पण त्याचा ‘पॉवरसेव्ह’ तळाला बसून राहत नाही. तो कामाप्रमाणे वेग वर-खाली करतो, म्हणजे जवळजवळ जुन्या ‘ऑनडिमांड’सारखा वागतो. नाव तेच, माणूस वेगळा. त्यामुळे ‘पॉवरसेव्ह वापरू नका’ हा जुना सल्ला आणि ‘पॉवरसेव्हच ठेवा’ हा नवा सल्ला दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्ही सल्ले देणारे एकमेकांना अडाणी समजतात.

हळू चालण्याची गंमत एवढीच. खरी कथा झोपेची आहे.

प्रोसेसर झोपू शकतो हे सिद्ध झाल्यावर प्रश्न आला की त्याला झोपू देतं कोण? पहिला आरोपी कर्नलच निघाला. कर्नलला वेळेचं भान राहावं म्हणून एक टायमर ठरावीक ठोके देत असे. लिनक्स २.४मध्ये सामान्य पीसीवर सेकंदाला १०० ठोके पडत. २.६मध्ये ते १००० केले, कारण गाणी आणि खिडक्या जास्त सफाईने चालाव्यात. पण प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर उठणार, काही काम नाही हे बघणार आणि परत आडवा होणार. दुपारी नातवाला निजवून पाच-पाच मिनिटांनी ‘झोपलास का रे?’ असं विचारणारी आजी एखाद्या घरात असते. कर्नल ती चौकशी सेकंदाला हजार वेळा करत होता. लॅपटॉपवाल्यांनी कटकट केल्यावर २००५ साली २.६.१३मध्ये तडजोड म्हणून आकडा २५० वर आणला गेला. संगीतवाले नाराज, बॅटरीवालेही नाराज, म्हणजे तडजोड उत्तम झाली होती.

२५० ठोके म्हणजे दर ४ मिलिसेकंदांना एक. आता पुढच्या काळातली एक आकडेवारी शेजारी ठेवून पाहा. इंटेलच्या २०१५ सालच्या स्कायलेक पिढीतल्या लॅपटॉपच्या चिपची सगळ्यात गाढ झोप म्हणजे सी१०. कर्नलमधल्या तक्त्यानुसार या झोपेतून उठायला ८९० मायक्रोसेकंद लागतात, आणि निदान ५ मिलिसेकंद झोप मिळणार असेल तरच तिच्यात शिरण्याचा खर्च वसूल होतो. दर ४ मिलिसेकंदांना उठवणाऱ्या घरात हा पाहुणा उभ्या जन्मात झोपला नसता.

सुदैवाने ठोके तोवर गेले होते. एप्रिल २००७मध्ये आलेल्या २.६.२१मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांच्या कामामुळे, आधी ३२ बिटांच्या पीसीवर, रिकाम्या प्रोसेसरला ठोके देणं बंद झालं. पुढचं काम केव्हा आहे ते बघायचं, तेवढ्याच वेळेला गजर लावायचा, तोवर निवांत. सगळ्यांना वाटलं, आता बॅटरी वाढणार. ती म्हणावी तशी वाढेना. ठोक्यांचा गलबला थांबल्यावर बाकीचे आवाज ऐकू यायला लागले होते.

महिन्याभरात, मे २००७मध्ये, इंटेलमधल्या आर्यन फान दे फेन आणि सहकाऱ्यांनी पॉवरटॉप नावाचं साधन आणलं. ते प्रोसेसरला कोण किती वेळा उठवतं याची यादी देतं. त्या यादीने लिनक्सच्या डेस्कटॉपवर जो हाहाकार उडवला, तसा एखाद्या सोसायटीत पाण्याच्या मीटरचे आकडे फलकावर लावल्यानेच उडू शकतो. सीडी ड्राइव्हवर लक्ष ठेवणारा एक कार्यक्रम दर २ सेकंदांनी ‘सीडी घातली का?’ असं विचारत होता, ज्या लॅपटॉपमध्ये वर्षभर सीडी गेली नव्हती तिथेसुद्धा. आवाजाचं छोटं चिन्ह दाखवणारा कार्यक्रम कुणी आवाज वाढवला का, हे सतत तपासत होता. गप्पा मारायचं सॉफ्टवेअर मालक जागेवर आहे का याची चौकशी करत होतं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकदाच तर विचारतोय.

मग दुरुस्त्यांची लाट आली. ज्यांना अचूक वेळेची गरज नाही त्यांनी आपला गजर पूर्ण सेकंदावर ढकलावा, म्हणजे सगळे एकदमच उठतील आणि एकदमच झोपतील, अशी सोय झाली. सगळ्यात मनोरंजक बळी गेला तो लुकलुकणाऱ्या कर्सरचा. लिहिता लिहिता माणूस विचारात पडतो, तेव्हा पडद्यावरची ती उभी रेघ लुकलुकत राहते, आणि प्रत्येक लुकलुकीला प्रोसेसर उठून तिला एकदा रंगवतो, एकदा पुसतो. जीटीके या डेस्कटॉपच्या पायाभूत सॉफ्टवेअरमध्ये त्याच वर्षी ठरलं की १० सेकंद कुणी कळ दाबली नाही तर कर्सरने लुकलुकणं थांबवावं. आजही गनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर एखादा लेखक अडला, तर त्याच्यासाठी प्रोसेसर १० सेकंदच थांबतो. पुढे २०१७ साली व्हिज्युअल स्टुडिओ कोड या मायक्रोसॉफ्टच्या संपादकात एका मॅकवर हाच कर्सर रिकाम्या वेळी १३ टक्के सीपीयू खातोय, असं उघडकीला आलं. कर्सरची जात बदलत नाही.

झोपू द्यायचं ठरलं तरी किती गाढ झोपू द्यायचं, हा वेगळाच पेच असतो. हलकी झोप घेतली आणि बराच वेळ कुणी उठवलं नाही, तर वीज वाया. गाढ झोप घेतली आणि लगेच हाक आली, तर आवराआवरीत आणखी वाया. म्हणून दर वेळी डोळे मिटण्याआधी कर्नलला भविष्य सांगावं लागतं. हे काम ‘मेन्यू’ नावाचा गव्हर्नर करतो. पुढचा गजर केव्हाचा आहे ते तो बघतो, मागच्या ८ झोपा किती किती वेळाच्या होत्या ते आठवतो, त्यात काही पॅटर्न दिसतो का ते ताडतो आणि एक आकडा काढतो. हे सगळं काही मायक्रोसेकंदांत, दिवसातून कोट्यवधी वेळा. २०१९ साली विसोत्स्कींनी ‘टीईओ’ नावाचा दुसरा भविष्यवेत्ता आणला, जो गजरांवर जास्त विश्वास ठेवतो. दोघांची भाकितं चुकतात. पण दोघंही आपली चूक मोजून ठेवतात आणि पुढच्या वेळी सुधारतात, ही गोष्ट या व्यवसायात दुर्मीळ म्हणायला हवी.

काहींना हा जुगार मुळीच मान्य नसतो. शेअर बाजारात मायक्रोसेकंदांच्या फरकावर पैसे कमावणारे लोक आपल्या सर्व्हरच्या गाढ झोपा बंदच करून टाकतात. काही तर प्रोसेसरला झोपेच्या जागी गोल गोल फिरत ठेवतात. लाखो रुपयांचं यंत्र, आणि काम विंडोज ९५चं.

झोपेत जाणं जमलं, आता उठण्याबद्दल. इंटेलच्या बे ट्रेल मालिकेतल्या चिप अत्यंत स्वस्त लॅपटॉपमध्ये गेल्या. त्यांवर लिनक्स घातलं की यंत्र अधूनमधून गोठत असे. कारण शोधता शोधता लोक गाढ झोपेपर्यंत पोचले, आणि उपाय ठरला तो असा, की सी१च्या पुढे झोपायचंच नाही. कमी वीज खावी म्हणून बनवलेली चिप, जागी ठेवली तरच नीट चालते. २०१५च्या अखेरीस नोंदवलेली ही तक्रार वर्षानुवर्षं उघडी राहिली आणि तिच्याखाली समदुःखी लोकांचा मेळा भरला.

एएमडीची गोष्ट याहून सरस आहे. एपिक ७००२ या सर्व्हरच्या मालिकेत एक दोष आहे, जो २०२३ साली बातम्यांत आला. यंत्र शेवटचं रीसेट झाल्यापासून सुमारे १०४४ दिवसांनी एखादा कोअर सीसी६ या गाढ झोपेत जातो आणि पुन्हा उठत नाही. कंपनीचा सल्ला असा, की त्याआधी रीबूट करा किंवा ती झोप बंद करा. दोष दुरुस्त करण्याचा बेत नाही. आता १०४४ दिवस म्हणजे जवळजवळ २ वर्षं १० महिने. इतका काळ सर्व्हर एकदाही बंद न करणारा माणूस कोण? अर्थात लिनक्सचा प्रशासक. आपलं यंत्र किती दिवस अखंड चालू आहे, हा आकडा तो भेटेल त्याला ऐकवतो. चिप बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठरवून केलं असतं, तरी इतका नेमका सापळा लागला नसता.

आणि एक नमुना खास निरुपयोगीपणाचा. २००२च्या सुमाराला काही चिपसेट इतके मंद होते, की प्रोसेसरला ‘झोप’ असा हुकूम सुटल्यावर तो प्रत्यक्ष लागू व्हायला क्षणभर उशीर होई. तेवढा क्षण काढायचा म्हणून कर्नलमध्ये एक फालतू आज्ञा घातली गेली, आणि शेजारी टिपणही लिहिलं गेलं की इथे काहीतरी निरुपयोगी करणं भाग आहे. ते चिपसेट भंगारात गेले. टिपण राहिलं, आज्ञाही राहिली. २०२२ साली एएमडीतल्या प्रतीक नायक यांना आढळलं, की त्यांच्या कंपनीच्या नव्याकोऱ्या झेन चिपसुद्धा झोपताना दर वेळी हे निरुपयोगी कर्म इमानाने करतात, त्यात वेळ घालवतात, आणि वर कर्नलला वाटतं की तेवढा वेळ त्या झोपल्या होत्या. दुरुस्तीचा अंतिम पॅच लिहिला इंटेलच्या डेव्ह हॅन्सन यांनी. आता ती आज्ञा जुन्या इंटेल यंत्रांपुरतीच उरलीय. सरकारी खात्यातली पदं याहून जास्त टिकतात, पण फार जास्त नाही.

या सगळ्या इतिहासात एक तारीख मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. ३० जून २०१२, शनिवार. त्या दिवशी आषाढी एकादशी होती, देवशयनी. पंढरपुरात लाखो वारकरी पोचले होते आणि विष्णू नेहमीप्रमाणे क्षीरसागरात शेषावर निजायला गेला, तो थेट कार्तिकी एकादशीपर्यंत. अधिक महिन्यामुळे त्या वर्षी जवळजवळ पाच महिन्यांची झालेली ही सलग झोप इंटेलच्या कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

नेमक्या त्याच रात्री जगाच्या घड्याळात एक सेकंद वाढवायचा होता. पृथ्वीचं फिरणं किंचित अनियमित असल्याने असा लीप सेकंद अधूनमधून घालतात. ग्रीनिचच्या प्रमाणवेळेप्रमाणे मध्यरात्री घातलेला हा सेकंद आपल्याकडे रविवारी, द्वादशीच्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याला आला, आणि देव झोपला त्या एकादशीच्या पारण्याआधीच जगभरच्या लिनक्स सर्व्हरांची झोप उडाली.

झालं असं, की कर्नलने सेकंद वाढवला, पण ती बातमी सूक्ष्म गजर लावणाऱ्या आपल्याच विभागाला कळवली नाही. त्या विभागाचं घड्याळ एक सेकंद पुढे राहिलं. आता जावा किंवा मायएसक्यूएल चालवणारा प्रोग्राम म्हणाला, मला अर्ध्या सेकंदाने उठव. विभाग म्हणाला, अर्धा सेकंद केव्हाच होऊन गेला, ऊठ. तो उठला, काम नाही हे बघितलं, पुन्हा म्हणाला, अर्ध्या सेकंदाने उठव. पुन्हा तेच. काहीही काम नसलेले प्रोसेसर १०० टक्के धावू लागले. रेडिट कोलमडलं, मोझिला अडखळलं, ऑस्ट्रेलियात क्वांटास विमान कंपनीचं चेक-इन बंद पडून कर्मचारी हाताने पास लिहीत बसले. जर्मनीतल्या हेट्झनर या होस्टिंग कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं, की त्या रात्री आमच्या डेटा सेंटरमधला विजेचा वापर सुमारे १ मेगावॉटने वाढलाय, कृपया आपापले सर्व्हर बघा. १ मेगावॉट २४ तास चालला तर २४,००० युनिट होतात, म्हणजे महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची २० वर्षांची वीज. ती सगळी फक्त ‘ऊठ, काही नाही, झोप’ एवढ्या संवादावर.

उपाय कळला तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. संगणकालाच किती वाजले ते विचारायचं आणि तो सांगेल तीच वेळ त्याच्यात पुन्हा भरायची. एका ओळीची आज्ञा. तिच्यामुळे घड्याळ बदलल्याची बातमी एकदाची त्या विभागापर्यंत पोचत असे, आणि सर्व्हर निमूट झोपत. नंतर २०२२ साली जगभरच्या मापनतज्ज्ञांनी ठराव केला, की २०३५ पर्यंत हा लीप सेकंदाचा प्रकारच बंद करावा. संगणकवाल्यांचा त्यात मोठा वाटा होता.

अँड्रॉइडच्या आतही लिनक्सचाच कर्नल आहे, त्यामुळे मराठी घरांतल्या बहुतेक माणसांच्या खिशात हे झोपेचं प्रकरण चालूच असतं. गूगलने तिथे उलट नियम केला होता. फोन सतत झोपेल, ज्याला तो जागा हवा त्याने ‘वेकलॉक’ धरावा. २००९-१०मध्ये हा कोड मूळ कर्नलमध्ये घ्यायचा की नाही यावर असं काही वाजलं, की शेकडो पत्रांनंतरही दोन्ही पक्ष एकमेकांना विजेचा मूलभूत सिद्धांत समजावून सांगत होते. बिघडलेली ॲप दुरुस्त करा, असं एक बाजू म्हणे. ॲप कोण लिहितो हे तुम्हाला माहीत आहे का, असं दुसरी विचारे. दुसऱ्या बाजूला जग जास्त माहीत होतं. २०१२ साली लिनक्स ३.५मध्ये वेगळ्या नावाने तीच सोय आली.

आता घरच्या लिनक्सवाल्याकडे येऊ. याला नवीन लॅपटॉप मिळाला की तो आधी वीज वाचवणारं टीएलपी हे सॉफ्टवेअर बसवतो. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ऑटो-सीपीयूफ्रेक. पॉवर-प्रोफाइल्स-डीमन गनोमबरोबर आधीच आलेला असतो. तिघंही एकाच प्रोसेसरला वेगवेगळे हुकूम सोडतात, आणि कोणाचा हुकूम शेवटी चालेल हे त्या दिवशी कोण शेवटी उठलं यावर ठरतं. या तिघांपैकी एकच ठेवा, असं त्यांच्या माहितीपुस्तकांत स्वच्छ लिहिलेलं असतं. पण माहितीपुस्तक वाचायला लॅपटॉप जागा ठेवावा लागतो.

पुढे तो पॉवरटॉप उघडतो आणि सगळं आपोआप जुळवून घेण्याचा पर्याय निवडतो. त्यात यूएसबीला लावलेली उपकरणंही झोपवली जातात. ठरलेली मुदत २ सेकंद. म्हणजे माऊसवरचा हात चहाच्या कपाकडे जाऊन परत येईपर्यंत माऊस झोपलेला. हलवून उठत नाही, कळ दाबली की उठतो, आणि दाबलेली कळ भलत्याच ठिकाणी लागते. वाचलेली वीज मिलिवॉटमध्ये, गेलेले शब्द वहीभर.

मग कोपऱ्यात आलेख येतो. सीपीयूचा वेग, तापमान, बॅटरीतून जाणारे वॉट, सगळं दर सेकंदाला ताजं होणारं. पॉवरटॉपच्या यादीत प्रोसेसरला उठवणाऱ्यांमध्ये खुद्द पॉवरटॉपचंही नाव असतं, आणि तो ते प्रामाणिकपणे छापतो. चिपने किती वीज खाल्ली हे सांगणारे इंटेलचे आकडे पूर्वी कुणालाही वाचता येत. २०२० साली ग्राझच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की नुसत्या त्या आकड्यांवरून गुप्त किल्ल्या काढता येतात. तेव्हापासून लिनक्सवर ते फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाला, दिसतात. आलेखातली एक रेघ त्या दिवशी गेली, आणि काहींना सुरक्षेपेक्षा तिचं दुःख जास्त झालं.

एवढ्या खटाटोपात मिळतं काय, तेही मांडून बघावं. समजा, रिकाम्या लॅपटॉपचा खर्च ८ वॉटवरून ६ वॉटवर आला. रोज ८ तास वापर धरला तर वर्षाला ५.८४ युनिट वाचले. युनिटला १० रुपये धरले तर ५८ रुपये. महावितरणला याची खबरही लागणार नाही. पण तोच लॅपटॉप ५० वॉट-तासांच्या बॅटरीवर सव्वासहा तासांऐवजी आठ तास वीस मिनिटं चालेल, आणि ज्याच्या गावी दुपारभर वीज जाते त्याला हे दोन तास ५८ रुपयांत मोजता येणार नाहीत.

डेटा सेंटरवाल्यांना मात्र दोन वॉटसुद्धा मोजावे लागतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज खाल्ली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. म्हणून जानेवारी २०२५मध्ये लिनक्स ६.१३ आला तेव्हा वर्तमानपत्रांना मथळा मिळाला, की ३० ओळींच्या कोडने डेटा सेंटरची ३० टक्के वीज वाचणार. कोड खरा आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे मार्टिन कार्स्टन आणि फास्टली कंपनीचे जो डमाटो यांनी तो केला. नेटवर्कवरून पाकिटं धो धो येत असताना प्रत्येक पाकिटासाठी प्रोसेसरला हाक मारणं थांबवायचं, तो स्वतःच येऊन घेऊन जाईल, आणि गर्दी ओसरली की पुन्हा हाकेची पद्धत सुरू करायची, असा तो बेत. ३० टक्के हा आकडा नेटवर्कचंच काम प्रचंड असलेल्या ठिकाणी, फार तर इतका, अशा अर्थाचा होता. मथळ्यात ‘फार तर’ला जागा नसते.

शिवाय कर्नल बदलला म्हणून ही बचत आपोआप सुरू होत नाही. दोन-तीन मुदती हाताने ठरवाव्या लागतात आणि सर्व्हरवरचा प्रोग्रामही त्यासाठी तयार असावा लागतो. ते काम करायला बसलेल्या प्रशासकाच्या दुसऱ्या पडद्यावर, बचत होतेय की नाही ते बघायला, एक मोठा रंगीत आलेख लावलेला असतो. तोही दर सेकंदाला ताजा होणारा.